खड्डा कुठे आहे ते आधी पाहा : कुत्री जमीन का उकरतात

नागपूरच्या बेसा भागात नव्याने घर बांधून राहायला गेलेल्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांचा अडीच वर्षांचा लॅब्राडोर पूर्वी तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये अगदी शहाण्यासारखा राहत असे. अंगण मिळाल्यापासून, आणि विशेषतः मार्च संपल्यापासून, तो सतत जमीन उकरतो. मोगऱ्याचे आळे, खिडकीतील कूलरखालची जागा आणि मागच्या कुंपणभिंतीचा पाया अशा तीन ठिकाणी त्याने खड्डे केले आहेत. रागावून पाहिले, साखळीला बांधून पाहिले, खड्ड्यात लाल तिखटही टाकून पाहिले, पण उपयोग झाला नाही. नव्या वास्तूत कुत्र्याने खड्डे करणे हे चांगले लक्षण नाही, असे घरातील ज्येष्ठांचे मत आहे. कुत्री असे का करतात आणि हे थांबवायचे कसे, असा त्यांचा प्रश्न आहे.

नागपुरात लहान प्राण्यांवर उपचार करण्याच्या माझ्या २७ वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि विचारणाऱ्याने खड्डा नेमका कुठे आहे हे बहुतेक वेळा सांगितलेलेच नसते. तुम्ही ते सांगितले आहे, त्यामुळे माझे अर्धे काम झाले आहे. माणसाने हात वर केला तो नमस्कारासाठी, मारण्यासाठी की ऑटो थांबवण्यासाठी, हे नुसत्या हाताकडे पाहून कळत नाही. उकरण्याचेही तसेच आहे. हालचाल एकच, पण तिच्यामागे निरनिराळ्या प्रेरणा असतात, आणि कोणती प्रेरणा काम करीत आहे हे खड्ड्याची जागा, त्याचा आकार आणि उकरण्याची वेळ यांवरून बऱ्यापैकी ओळखता येते. तुमचे तीन खड्डे माझ्या मते तीन वेगळी प्रकरणे आहेत.

आधी मुळाशी जाऊ. कुत्रा हा लांडग्याचा वंशज आहे आणि माणसाच्या सोबतीला येऊन त्याला फार मोठा काळ लोटला आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली उघडकीस आलेल्या दफनात माणसांच्या शेजारी पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. एवढ्या काळात त्याचे कान, शेपूट, रंग आणि स्वभाव बदलला, परंतु पंजा जवळजवळ तोच राहिला. मांजरीची नखे आत ओढली जातात आणि म्हणून धारदार राहतात. कुत्र्याची नखे कायम बाहेर असतात, जमिनीवर घासून बोथट होतात, आणि शिकार पकडण्यापेक्षा माती ओढण्यासाठी अधिक उपयोगी पडतात. रानात या पंज्याला चार कामे असतात. पिल्लांसाठी गुहा करणे किंवा दुसऱ्या प्राण्याचे बीळ रुंदावून घेणे, बिळातील सावज बाहेर काढणे, उरलेले मांस पुरून ठेवणे, आणि बसण्यासाठी वरचा तापलेला अथवा गोठलेला थर बाजूला सारून अंगाला सोसेल अशी जागा तयार करणे. घरातील कुत्र्याला यांपैकी एकाही कामाची निकड नसते. तरीही ती हालचाल त्याला कोणी शिकवावी लागत नाही, कारण ती जन्मतःच त्याच्या मज्जासंस्थेत असते.

यासंबंधी कोनराड लोरेन्ट्झ यांचे एक निरीक्षण मला फार उपयोगी वाटते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना निको टिनबर्गेन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह १९७३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी पाळलेला, आपल्या साळुंकीच्या कुळातील एक पक्षी खोलीत एकही किडा नसताना छताकडे झेप घेऊन किडा पकडण्याची, तो आपटून मारण्याची आणि गिळण्याची पूर्ण क्रिया करीत असे. उपजत क्रियेला निमित्त मिळाले नाही, तर ती कधी कधी निमित्तावाचूनच बाहेर पडते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. तुमचा लॅब्राडोर फ्लॅटमध्ये असताना उरलेले बिस्किट कोपऱ्यात ठेवून, टाइल्सवर नाक घासून, नसलेली माती त्यावर ढकलत होता का, हे आठवून पाहा. असे दृश्य अनेक घरांत दिसते आणि लोक हसतात. तो कुत्रा वेडा नसतो. मांस पुरल्यावर नाकाने माती लोटून दाबणे हा त्या क्रियेचा शेवटचा भाग आहे आणि माती नसली तरी तो भाग चुकत नाही. फ्लॅटमध्ये तो उकरत नव्हता याचे कारण तेथे उकरण्यासारखे काही नव्हते, एवढेच. त्याचा स्वभाव बेस्याला येऊन बिघडला, असे समजण्याचे कारण नाही.

आता कूलरखालचा खड्डा. हा तिघांत सर्वांत सोपा आहे आणि नागपूरकरांनी तो सर्वांत आधी ओळखायला हवा, पण नेमका हाच खड्डा खोडसाळपणा समजून कुत्र्याला सर्वांत जास्त मार बसतो. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. आपल्याला सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याच्या उपयोगी पडतील अशा घर्मग्रंथी मुख्यतः पंज्यांच्या गाद्यांतच असतात, त्यामुळे त्याची सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर असते. हवा ४४-४५ अंशांवर गेली की धापा टाकणेही अपुरे पडते, कारण आत घेतलेली हवाच शरीरापेक्षा गरम असते आणि मग केवळ ओलाव्याच्या बाष्पीभवनावर निभवावे लागते. अशा वेळी त्याच्यापुढे दुसरा एकच मार्ग असतो, तो म्हणजे आपली उष्णता एखाद्या थंड वस्तूला देऊन टाकणे. पोट आणि जांघा येथे केस विरळ आणि कातडी पातळ असते; म्हणून तो पोट टेकवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडतो.

जमिनीचा वरचा थर दुपारी तापलेल्या तव्यासारखा होतो, परंतु दिवसाची ही उष्णता खाली फार हळू झिरपते. एक वीतभर खाली गेले की दुपारच्या तापाचा बराचसा जोर ओसरलेला असतो. त्यात कूलरच्या टाकीतून ठिबकणारे पाणी जर त्या मातीत मुरत असेल, तर ओल्या मातीतून होणारे बाष्पीभवन ती जागा आणखी थंड करते. म्हणजे आपण खोलीत वाळ्याच्या ताट्या लावून जे करतो, तेच तुमच्या कुत्र्याने भिंतीच्या बाहेर शोधून काढले आहे, आणि तेही वीजबिलाशिवाय. हा खड्डा ओळखण्याची खूण अशी की, तो उथळ आणि लांबट असतो, कुत्र्याच्या अंगाच्या मापाचा असतो, तो सावलीत किंवा ओलीजवळ असतो, आणि उकरून झाल्यावर कुत्रा त्यातच पडून राहतो. उकरण्याची वेळ बहुधा सकाळी दहानंतरची असते. तुमचा लॅब्राडोर ज्या कुळातून आला त्याचे मूळ कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या थंड किनाऱ्यावरचे आहे, आणि त्याच्या अंगावरचा दुहेरी केसांचा थर गार पाण्यात पोहण्यासाठी आहे. नवतप्याच्या कडक उन्हात बेस्याच्या अंगणात राहण्यासाठी तो घडलेला नाही. हेच अधिक मोठ्या प्रमाणात हस्कीला लागू आहे. बर्फाळ प्रदेशात स्लेज ओढणारी ही जात बर्फ उकरून त्या खळग्यात शेपूट नाकावर घेऊन झोपते, म्हणजे ऊब मिळावी म्हणून खणते. इकडे तीच जात तेच खणणे गारव्यासाठी करते. या शहरात हस्की पाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते ऐकून काही मंडळी माझ्याकडे यायची थांबली आहेत.

साखळीला बांधण्याविषयी येथेच सांगतो, कारण ते या खड्ड्याशी जोडलेले आहे. गारव्याची जागा शोधणाऱ्या कुत्र्याला मे महिन्यात उन्हात किंवा पत्र्याच्या शेडखाली बांधून ठेवणे ही शिक्षा नसून जिवाशी खेळ आहे. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते. जोराने धापा टाकणे, हिरड्या गडद लाल होणे, चिकट लाळ गळणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी दवाखान्यात नेण्याआधी घरातील साध्या पाण्याने कुत्र्याला पूर्ण भिजवून पंख्यासमोर ठेवावे आणि मगच वाहनात घालावे, कारण रस्त्यात जाणारी २० मिनिटे फार महाग पडू शकतात.

मोगऱ्याच्या आळ्याची गोष्ट वेगळी आहे आणि माझा पहिला प्रश्न असा आहे की, त्यात तुम्ही कोणते खत घातले? नव्या घराचा बगीचा लावताना माळी मंडळी बहुधा हाडांचा चुरा आणि एरंडीची पेंड घालतात. हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्याच्या दृष्टीने पुरलेल्या शिकारीचा वास असतो. रानातील लांडगा किंवा कोल्हा उरलेले मांस पुरतो तेव्हा ते इतरांच्या नजरेआड जाते, मातीच्या गारव्यात थोडे अधिक टिकते आणि उपाशी दिवशी पुन्हा उकरता येते. म्हणजे पुरणे आणि पुरलेले शोधून काढणे हे एकाच सवयीचे दोन भाग आहेत. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५० ते ६० लाखांच्या घरात असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार २० कोटींपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतात, आणि मेंदूतील वासाचा भागही त्या प्रमाणात मोठा असतो. तुम्ही आळ्यात खत मिसळून वर माती ओढली तेव्हा तुमच्या दृष्टीने ते झाकले गेले. त्याच्या दृष्टीने तुम्ही घरच्या माणसाने एक मोठे हाड पुरले आणि जागा दाखवून ठेवली.

हे केवळ मोगऱ्याचे नुकसान असते तर मी त्यावर इतके लिहिले नसते. एरंडीच्या बियांत रायसिन नावाचे अतितीव्र विष असते. तेल काढल्यावर ते तेलात न जाता पेंडीत राहते आणि पेंड पुरेशी उष्णता देऊन निर्विष केलेली नसेल तर तिचे थोडे खाणेही कुत्र्याला मारक ठरू शकते. हाडांच्या चुऱ्याबरोबर पेंड मिसळलेली असली की, एरवी जी चीज कुत्र्याने तोंडात धरली नसती ती तो आवडीने खातो. लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, पोटात कळा आणि मग एकदम गळून जाणे असा क्रम असतो. या विषावर उतारा नाही, सलाइन आणि आधार देणारे उपचार एवढेच हाती असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे गॅस्ट्रो म्हणून आणलेल्या एका कुत्र्याच्या उलटीत मला पेंडीचा भुगा दिसला आणि घरच्यांना तोवर तिचा संबंधही लक्षात आलेला नव्हता. तो वाचला नाही. तेव्हापासून बागेत कुत्रा मोकळा असेल तेथे एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा दोन्ही टाळा, असे मी प्रत्येक नव्या घराच्या मालकाला सांगतो. चांगले कुजलेले शेणखत, गांडूळखत आणि निंबोळी पेंड यांवर मोगरा उत्तम फुलतो. तुमच्या आळ्यात एरंडीची पेंड पडलेली असल्यास वरची माती काढून टाका आणि ती कुंपणापलीकडेही फेकू नका, कारण तेथे रस्त्यावरची कुत्री असतात.

खत घातलेले नसेल, तर आळ्याचे आकर्षण ओलाव्याचे आणि मऊपणाचे असते. बेसा, मनीषनगर किंवा हिंगणा रस्त्याकडच्या नव्या लेआऊटमध्ये काळ्या मातीवर मुरमाची भर टाकून प्लॉट उंचावलेला असतो. तो मुरूम कुत्र्याच्या नखांना दाद देत नाही, आणि खालची काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी कडक होऊन भेगाळते. अख्ख्या अंगणात हाताला, म्हणजे पंज्याला, लागणारी एकच जागा उरते, ती म्हणजे तुम्ही रोज पाणी घालता ते आळे. शेणखतात कधी हुमणीच्या अळ्या असतात आणि त्यांची हालचाल कुत्र्याला ऐकू येते. तो मान तिरकी करून जमिनीकडे कान लावून थांबत असेल, तर हे कारण धरावे.

मान तिरकी करण्याची हीच खूण मागच्या भिंतीपाशी दिसते का, हे मात्र काळजीपूर्वक पाहा, कारण तिसऱ्या खड्ड्याची दोन अगदी भिन्न कारणे संभवतात. पहिले कारण घूस. नव्या लेआऊटमध्ये मोकळे प्लॉट, बांधकामाचा राडारोडा आणि उघडी गटारे असतात, आणि घूस भिंतीच्या पायाशी बीळ करून बाहेर मातीचा ढीग टाकते. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक उंच स्वरांपर्यंत ऐकू येते, आणि उंदरांच्या कुळातील प्राणी आपसांत जे बारीक आवाज करतात त्यांतील बरेच आपल्या कानांच्या पलीकडचे असतात. त्यामुळे आपल्याला निर्जीव वाटणाऱ्या भिंतीपाशी कुत्रा तासभर खिळून राहतो. सावजासाठी केलेला खड्डा अरुंद आणि खोल असतो, तो एकाच दिशेने जातो, कुत्रा मधूनमधून त्यात नाक खुपसून फुरफुरतो, आणि हे बहुधा पहाटे किंवा संध्याकाळनंतर चालते.

या कामासाठी माणसाने काही जाती मुद्दाम घडवल्या आहेत, हे येथे ओघाने आलेच. टेरिअर हे नावच जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे, आणि डॅक्सहुंड या जर्मन नावाचा अर्थ बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीचा कुत्रा असा आहे. त्याचे आखूड पाय हे एका जनुकाची जास्तीची प्रत जनुकसंचात शिरल्यामुळे आले, हे २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पिढ्यान्‌पिढ्या बिळात शिरू शकणारी पिल्ले निवडली गेल्याने ती प्रत त्या जातीत पक्की झाली. धरमपेठेतील एखाद्या घरात सोफ्याच्या गाद्या फाडणारा डॅक्सहुंड माझ्याकडे आणला जातो तेव्हा मी मालकाला म्हणतो की, तुम्ही सुतार घरी ठेवला आहे आणि लाकूड दिलेले नाही. लॅब्राडोर मात्र पाण्यातून पक्षी उचलून आणण्यासाठी निवडला गेला. त्याच्यात उकरण्याची उपजत प्रेरणा सर्वसाधारण प्रमाणातच असते, आणि म्हणूनच तो उकरतो तेव्हा बाहेरचे कारण शोधणे अधिक फलदायी ठरते.

घुशीचे बीळ निघाले तर दोन धोके लक्षात ठेवा. एक, उंदीर मारण्याचे औषध. झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी संयोग पावून विषारी वायू तयार करते आणि काही तासांत परिणाम दाखवते. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्ल्यास कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग नाकातून, हिरड्यांतून किंवा पोटात रक्तस्राव सुरू होतो. दुसऱ्या प्रकारावर व्हिटॅमिन के-१ हा खात्रीचा उपचार आहे, पण तो लक्षणे दिसण्यापूर्वी सुरू झाला तर. म्हणून कुत्रा मोकळा फिरतो त्या आवारात औषध टाकू नका, आणि शेजाऱ्यांनी टाकले आहे का हेही विचारून घ्या. दुसरा धोका साप. घुशीच्या आणि उंदराच्या बिळात नाग आणि घोणस आश्रय घेतात, आणि खणणारा कुत्रा सर्वांत आधी आपले नाक आणि पुढचा पंजा पुढे करतो. मी पाहिलेल्या सर्पदंशांपैकी बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर झालेले होते.

दुसरे कारण बाहेर जाण्याची ओढ. खड्डा भिंतीला समांतर पसरत असेल, फाटकाखाली किंवा जाळीच्या टोकाशी असेल आणि कुत्रा त्या वेळी कण्हत किंवा भुंकत असेल, तर त्याला आत काही शोधायचे नसून पलीकडे जायचे आहे. आसपास माजावर आलेली कुत्री असली की नसबंदी न केलेला नर खाणेपिणे विसरून हेच करतो. तुम्ही त्याच्या नसबंदीविषयी काही लिहिलेले नाही; झालेली नसेल तर त्यावर विचार करण्याचे हे एक निमित्त आहे, परंतु नसबंदी केल्याने गारव्यासाठी किंवा घुशीसाठी उकरणे कमी होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. दिवाळीतील फटाके किंवा मृगाचा गडगडाट यांना भिणारी कुत्रीही दार, भिंत, जे सापडेल ते उकरतात. त्यांची नखे रक्ताळलेली असतात आणि त्यांच्यावर भीतीसाठीच उपचार करावे लागतात.

तुमचा नर असल्यामुळे मादीविषयी थोडक्यात लिहितो, पण इतरांच्या उपयोगाचे आहे. कुत्रीची गर्भावस्था सुमारे ६३ दिवसांची असते आणि प्रसूती जवळ आली की ती आडोसा शोधून उकरू लागते. रस्त्यावरच्या कुत्र्या वाळूच्या ढिगात, उभ्या वाहनाखाली, जिन्याखाली असा आडोसा करतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोकाट कुत्र्या पिल्लांसाठी माणसांच्या वस्तीजवळची जागा पसंत करतात, असे आढळले. गर्भ नसतानाही माजानंतर सहा ते नऊ आठवड्यांनी संप्रेरकांतील बदलामुळे खोटी गर्भावस्था येऊ शकते. माजानंतर दोन महिन्यांनी एका पॉमेरेनियनला तिची मालकीण गादी फाडते म्हणून माझ्याकडे घेऊन आली. तिच्या स्तनांत दूध होते आणि घरी कोपऱ्यात तिने मुलाचे तीन मोजे पिल्लांसारखे जपून ठेवले होते. दोष कुठेच नव्हता, फक्त तिच्या शरीराने चुकीचे पंचांग उघडले होते.

लघवी झाल्यावर कुत्रा मागच्या पायांनी जी माती उडवतो ती या सगळ्यांत धरू नये. तेथे तो पंज्यांच्या ग्रंथींचा वास आणि ओरखड्याची खूण मागे ठेवत असतो.

राहिला कंटाळा. प्रत्येक उकरणाऱ्या कुत्र्याला कंटाळलेला ठरवण्याची हल्ली पद्धत पडली आहे आणि ती मला आळशीपणाची वाटते, कारण त्यात खड्ड्याकडे पाहण्याची तसदीच घेतली जात नाही. पण कंटाळा असतोच. तो दिसतो तो दिवसभर एकटा असणाऱ्या, फिरायला न नेलेल्या तरुण कुत्र्यात. त्याचे खड्डे जागोजागी, अर्धवट आणि कोणत्याही हेतूशिवाय विखुरलेले असतात, आणि खणण्याबरोबर कपडे ओढणे, चपला चावणे हेही चालू असते. तुमच्याकडे खड्डे ठरलेल्या तीनच जागी आहेत, म्हणून मी कंटाळ्याला मुख्य कारण मानत नाही.

आता काय करायचे. तुम्ही वापरलेले उपाय आधी बंद करा. कुत्रा शिक्षेचा संबंध तिच्या लगेच आधीच्या एक-दोन सेकंदांतील कृतीशी लावतो; संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या खड्ड्यापाशी त्याला ओढत नेऊन रागावले, तर त्याला कळते ते एवढेच की, तुम्ही घरी आलात की वाईट होते. कान पाडून, अंग चोरून तो जो ‘अपराधी’ चेहरा करतो तो तुमच्या आवाजाला दिलेला प्रतिसाद असतो. तिखटाने त्याचे डोळे आणि नाक पोळते आणि तो दुसऱ्या जागी खणतो. काही घरांत डांबरगोळ्या पुरतात. त्या गिळल्या तर रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ आणि पंडुरोग होतो, त्या कधीही वापरू नका. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे म्हणून हात टेकण्याचेही कारण नाही, कारण आपल्याला शेपूट सरळ करायचे नाही. उकरण्याची जागा तेवढी बदलायची आहे.

त्यासाठी कडुनिंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीत, शक्यतो कूलरजवळच, सुमारे चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल हौद करा. त्यात कन्हान नदीची जाड वाळू भरा. काळी माती घालू नका, ती ओली झाली की पंज्यांना चिकटून घरभर येते. सकाळी दहाला आणि दुपारी तीनच्या सुमारास वाळू ओली करा. पहिले आठ दिवस त्याच्या आवडीचा चेंडू किंवा खाण्याचा पदार्थ अर्धा दिसेल असा, मग पूर्ण पुरून ठेवा आणि त्याने तेथे उकरले की लगेच कौतुक करा. तो आळ्याकडे वळला तर ओरडू नका, हाक मारून हौदाकडे न्या. मोगऱ्याच्या आळ्यात दोन इंच मातीखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आडवी अंथरा आणि रोपाभोवती मोठे दगड ठेवा. जाळीची टोके खाली दुमडा, नाहीतर पंजे कापतील. कुंपणाच्या पायाशी तीच जाळी इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवून एक फूट आतल्या बाजूला जमिनीखाली न्यावी किंवा शहाबादी फरशीची एक रांग बसवावी. फिरायला पहाटे सहाच्या आत आणि रात्री आठनंतर न्या. दुपारचे डांबर पंज्याच्या गाद्या भाजून काढते. त्याच्या जेवणातील मूठभर दाणे रोज अंगणात विखरून त्याला नाकाने शोधू द्यावेत, कारण १५ मिनिटे वास घेऊन लॅब्राडोर जेवढा थकतो तेवढा चेंडूमागे धावून थकत नाही.

घरातील ज्येष्ठांशी वाद घालू नका. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात आणि त्यांच्या पुढ्यात कोणी खड्डा झाला म्हणून अशुभ म्हणत नाही, एवढे त्यांना प्रेमाने सांगून पाहा. वाळूचा हौद झाला की हा प्रश्न बहुधा आपोआप मागे पडतो.

दवाखान्यात आणावे असे प्रसंग मोजके आहेत. सात-आठ वर्षांवरच्या कुत्र्याने कधी नव्हे ते अचानक उकरायला लागणे, रात्री दिशाहीन फिरणे, किंवा उकरताना माती खाणे हे साधे समजू नये. माती खाणाऱ्या कुत्र्याच्या हिरड्या बोटाने दाबून पाहा. त्या फिक्या दिसल्या तर अंकुशकृमी किंवा गोचीडतापामुळे रक्त कमी झालेले असू शकते आणि विष्ठा व रक्त तपासावे लागते. ओल्या मातीत पडणाऱ्या कुत्र्याला जंतनाशक वेळेवर द्या आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी आहेत का हे रोज संध्याकाळी पाहा.

एक गोष्ट वेळेची. जूनच्या मध्याला पाऊस सुरू झाला की कूलर बंद होईल, जमीन निवेल आणि कूलरखालचा खड्डा बहुधा आपोआप सुटेल. कुंपणाकडचा खड्डा मात्र तेव्हाच वाढेल, कारण बिळांत पाणी शिरल्यावर घुशी, बेडूक आणि साप एकाच वेळी कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात आणि भिंतीचा पाया ही त्यांची वाट असते. हौदाला आठ दिवस उशीर झाला तरी चालेल, जाळी मात्र मे संपण्याआधी बसवून घ्या.